मे महिन्यातली मोजणी

माजलगावातल्या माध्यमिक शाळांचा पट वाढतो तो शहरातल्या मुलांमुळे कमी आणि भोवतालच्या खेड्यांमुळे जास्त. पात्रुड, नित्रुड, तालखेड, गंगामसला, किट्टी आडगाव इथली मुलंमुली सकाळच्या एसटीने येतात. धारूर-वडवणीच्या डोंगरपट्ट्यातली कितीतरी मुलं इथे आजीला सोबत घेऊन खोली करून राहतात. आईवडील ऊसतोडीला गेले की पाच-सहा महिने ती आजीच त्यांचं घर चालवते. मी विज्ञान शिकवते, आणि शाळेची राष्ट्रीय हरित सेना बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडे आहे. त्यामुळे जूनमध्ये पट वाढला की नवे बाक किती लागतील याच्या आधी मला दुसऱ्याच गोष्टींची काळजी लागते. पिण्याचं पाणी पुरेल का, मुलींच्या स्वच्छतागृहापुढची रांग किती लांबेल, मधल्या सुट्टीत डबा खायला सावली उरेल का.

सावली ही आमच्याकडे चैन नाही. होळी झाली की पत्र्याच्या वर्गांत दुपारचे तास घेणं अवघड होतं. शाळेच्या जुन्या इमारतीपुढे कडुलिंबाची मोठी झाडं आहेत. पहिल्या पिढीतल्या शिक्षकांनी ती लावली आणि विहिरीचं पाणी शेंदून जगवली, असं जुने शिपाईमामा सांगत. सराव परीक्षेच्या दिवसांत दोन-दोन वर्ग त्यांच्याखाली बसतात. नव्या खोल्यांचा आराखडा आला तेव्हा त्यातली तीन झाडं पायाच्या आड येत होती. मुख्याध्यापक, संस्थेची मंडळी आणि ठेकेदार मैदानात उभे राहून बोलत होते. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. वर्ग कमी पडत होते हे खरंच होतं. त्या आठवड्यात नववीच्या मुलांनी सुतळी आणि खडू घेऊन झाडांच्या सावलीची मापं घेतली. बारा ते तीन, दर तासाला. सावली किती चौरस मीटर, तिच्यात किती मुलं बसतात, त्याच वेळी पत्र्याखालच्या वर्गात तापमापी काय दाखवते, हे सगळं एका कागदावर मांडून त्यांनी मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवलं. पाया काही फूट मागे सरकला. दोन झाडं राहिली, एक गेलं. भूमितीचा याहून चांगला तास मी पाहिलेला नाही.

शाळेच्या फाटकाबाहेर मात्र असं मोजून दाखवणारं कुणी नव्हतं. कल्याण-विशाखापट्टणम आणि खामगाव-पंढरपूर असे दोन राष्ट्रीय महामार्ग माजलगावातून जातात. रस्ते रुंद झाले, खेड्यातल्या मुलांचा प्रवास सोपा झाला, आणि रस्त्याकडेची जुनी झाडं गेली. बीड जिल्ह्यात मुळात जंगल नावापुरतं. राज्यातल्या सर्वांत कमी वनक्षेत्राच्या जिल्ह्यांत आमची गणती होते. अशा जिल्ह्यात एका शाळेच्या आवारातली पाच-पन्नास झाडंसुद्धा मुलांच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट असते, कारण त्यांच्यापैकी अनेकांनी रोज पाहावं असं दुसरं झाडांचं ठिकाणच नसतं.

जुलै महिना शाळेत वृक्षारोपणाचा. राज्य शासनाने 2016 साली दोन कोटी झाडांपासून मोहीम सुरू केली. पुढे चार कोटी, मग तेरा कोटी आणि 2019 साली 33 कोटींचं उद्दिष्ट ठेवलं. शाळांनाही आकडे वाटून येत. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतून रोपांचा टेम्पो येई, पाहुणे येत, मुलं ओळीने उभी राहत, फोटो निघत आणि वर पाठवले जात. ‘एक विद्यार्थी, एक झाड’ अशी पद्धत होती. प्रत्येक रोपाला मुलाच्या नावाची पाटी. मुलं खरोखर आनंदाने लावत. नाव असलेल्या रोपाशी ती बोलत, त्याला नवं पान फुटलं की वर्गात सांगत. त्या आनंदाला मी कधीच कमी लेखणार नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात आवारात फिरलं की वाळक्या काड्या आणि त्यांना टांगलेल्या नावाच्या पाट्या दिसत. कुणाच्या आळसामुळे हे होत नव्हतं. आमच्या मातीत आणि आमच्या मुलांच्या वर्षात ती पद्धत बसत नव्हती.

आधी मातीचं सांगते. गोदाकाठची आमची जमीन काळी, खोल, कापसाची. तिच्यात झाड सहज येईल असं बाहेरच्या माणसाला वाटतं. पण सप्टेंबरात झड लागली की खड्ड्यात पाणी साचून राहतं आणि कोवळ्या मुळ्या कुजतात. मार्चनंतर हीच जमीन भेगाळते, भेगांत हात जाईल इतकी, आणि उरलेल्या मुळ्या तुटतात. भोवतालच्या शेतकऱ्यांना हे पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. मोहिमेच्या परिपत्रकात मात्र त्याचा उल्लेख नसतो. म्हणून आम्ही खड्डे जुलैऐवजी मे महिन्यात घ्यायला लागलो. दोन-दोन फुटांचा खड्डा, उन्हात तापलेला, भरताना निम्मी माती आणि बाकी मुरूम व शेणखत. रोप खड्ड्यात खोल न लावता जमिनीच्या थोडं वर, लहानशा उंचवट्यावर लावायचं, म्हणजे पावसाचं पाणी बुंध्याशी थांबत नाही. कालव्यालगत मोसंबीची बाग असलेल्या एका पालकांनी हे आम्हांला दाखवलं. शाळेत येऊन स्वतः पहिले चार खड्डे त्यांनी भरून दिले.

रोपं कोणती लावायची, हा प्रश्न मुलांनी सोडवला. एका दिवाळीच्या सुट्टीत त्यांना अभ्यास दिला होता: घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारायचं की 1972 च्या दुष्काळात कोणती झाडं हिरवी राहिली होती. वह्या भरून आल्या. कडुलिंब, चिंच, बाभूळ, हिवर, बोर, बांधावरचा गावरान आंबा. 2016 च्या दुष्काळी उन्हाळ्यात यांपैकी कोणती टिकली हे मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, तेही त्यांनी शेजारी लिहिलं. दोन याद्या जवळजवळ सारख्या निघाल्या. एका मुलाच्या आजोबांनी पुढची माहिती पुरवली. शेळ्यांच्या वाड्यात पडलेलं बाभळीचं बी चांगलं उगवतं, कारण शेळीच्या पोटातून गेल्यावर त्याचं कठीण कवच मऊ झालेलं असतं. पुस्तकातल्या बीजांकुरणाच्या धड्याला मी तेव्हापासून हेच उदाहरण देते.

निसर्गाने आणखी एक सोय आमच्यासाठी करून ठेवली आहे. विदर्भ सोडला तर राज्यातल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, आणि त्याच सुमाराला लिंबोळ्या पिकून गळतात. लिंबोळीचं बी जुनं झालं की उगवत नाही; काही आठवड्यांतच त्याची ताकद जाते. त्यामुळे शाळेचा पहिला आठवडा आमच्याकडे लिंबोळ्या वेचण्याचा. पाचवी-सहावीची मुलं त्या धुऊन, सावलीत सुकवून दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत लावतात. बियांसाठी एक पैसाही लागत नाही. ही रोपं आम्ही पहिल्या पावसाळ्यात लावत नाही. वर्षभर शाळेतच वाढवून, कमरेएवढी झाल्यावर लावतो. उरलेल्या लिंबोळ्या मुलं घरी नेतात. वाळवून, कुटून केलेला त्यांचा पाच टक्क्यांचा अर्क कापसावर फवारता येतो, हे त्यांना शाळेत कळतं आणि घरी बापाला सांगता येतं.

आता मुलांच्या वर्षाचं. ही गोष्ट मला सांगायचीच आहे, आणि जरा सविस्तर.

बीड जिल्ह्यातून दर वर्षी लाखो माणसं ऊस तोडायला बाहेर पडतात. पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दसरा-दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात, काही इथल्याच कारखान्यांना. नवरा-बायको मिळून एक कोयता. फडात मोळ्या वाहायला, कोपीवर धाकट्याला सांभाळायला हाताशी मूल लागतं, म्हणून शाळेतली मुलंही त्यांच्याबरोबर जातात. मार्च-एप्रिलात कारखान्याचा पट्टा पडला की सगळे परततात. म्हणजे जुलैत नावाची पाटी लावून झाड ज्याच्या हवाली केलं, ते मूल नेमकं पाऊस संपताना निघून जातं. इथे राहणाऱ्या मुलांची मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा, मग सुट्टी, मामाचं गाव. मे महिन्यात, झाडाला पाण्याची खरी गरज असते तेव्हा, आवारात कुणीच नसतं. ‘एक विद्यार्थी, एक झाड’ ही कल्पना वर्षभर एका गावात राहणाऱ्या मुलाची आहे. आमच्या हजेरीपटावरचं चित्र वेगळं आहे.

शिवाय माझ्या वर्गात उसाच्या दोन्ही बाजूंची मुलं बसतात. एकाच्या बापाचा कालव्याखाली ऊस असतो, शेजारी बसलेल्याचा बाप ऊस तोडतो. एकाला दिवाळीनंतर नवी सायकल मिळते, दुसरा दिवाळीनंतर दिसतच नाही. हे अंतर मुलांना आपल्याआधी कळलेलं असतं. त्यावर वर्गात भाषण करून उपयोग नसतो. त्यांना एकत्र करायला काम द्यावं लागतं.

म्हणून आम्ही झाडं एकेकट्याला देणं थांबवलं. पाच-सहा मुलांचा गट, त्यात काही माजलगावात कायम राहणारी आणि काही तोडणीला जाणारी. कामाची वाटणी महिन्यांप्रमाणे. जाणाऱ्यांनी जून ते दिवाळी खड्डे, लागवड, आळी करणं, बाभळीच्या काट्यांचं कुंपण. शेळ्यांपासून रोप वाचवायला लोखंडी जाळीपेक्षा काटीच बरी, आणि ती रचण्याची कला डोंगराकडच्या मुलांना उत्तम येते. दिवाळीनंतर राहणाऱ्यांची पाळी. त्याच सुमाराला तोडणी सुरू झालेली असते आणि उसाच्या शेतात पाचट पडतं, एकरी तीन-चार टन. बरेच शेतकरी ते पेटवून देतात. बागायतदारांची मुलं तेच पाचट घरून पोत्यात भरून आणतात आणि आळ्यांत अंथरतात. त्याने ओल टिकते, भेगा कमी पडतात, पुढे कुजून खत होतं. हे शाळेत पाहून काही पालकांनी आपल्या शेतातलं पाचट जाळायचं थांबवलं. त्यांची संख्या थोडी आहे, पण आहे.

आणि एप्रिलच्या मध्यावर गेलेली मुलं परत येतात. ती आली की पहिल्यांदा झाडाकडे जातात. “मॅडम, आमचं लिंब हाय ना?” असं विचारत फाटकातून आत येणारा, उन्हाने काळवंडलेला, हाताला उसाच्या पात्याचे चरे पडलेला मुलगा मी पाहिला आहे. मे महिन्यातलं पाणी या मुलांकडे असतं. जवळच्या गावांतली मुलं आठवड्यातून दोनदा सायकलवर येतात, डोंगराकडची काही मुलं बाजाराच्या दिवशी आईबरोबर येऊन जातात. शाळेला कुलूप असलं तरी मागचं फाटक त्यांच्यासाठी उघडं असतं. शिपाईमामा किल्ली घेऊन बसतात. राहणाऱ्यांची सुट्टी आणि जाणाऱ्यांचं परतणं एकाच वेळी येतं, हे कितीतरी वर्षं आमच्यासमोर होतं. त्याचा उपयोग झाडांसाठी करता येईल हे सुचलं ते मुलांच्याच बैठकीत, नववीतल्या एका मुलीला.

याचा दुसरा परिणाम मला झाडांहून मोठा वाटतो. मे महिन्यात शाळेच्या आवारात येत राहिलेलं मूल जूनमध्ये वर्गात येतं. जे दिवाळीला जाऊन थेट पुढच्या वर्षाची वाट पाहतं, त्याची शाळेची सवय सुटते. आणि मुलगी असेल तर दुसरंच काही घडतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 2019-21 साली, बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वर्षांच्या शंभर स्त्रियांपैकी 43 हून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. आईवडील फडावर, घरी एकटी म्हातारी आणि वयात आलेली मुलगी; मग लग्न उरकून टाकावं असं त्यांना वाटतं. लग्न झालं की नवा कोयता तयार होतो, हाही हिशेब असतो. हंगामी वसतिगृहांची योजना आहे, तिने गावात थांबलेल्या लहान मुलांना दोन वेळचं जेवण मिळतं. 2021 साली शासनाने संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहं जाहीर केली. पण नववी-दहावीच्या मुलींसाठी आजही तालुक्याच्या ठिकाणी सुरक्षित राहण्याची जागा ही सगळ्यात मोठी अडचण आहे, आणि ती सुटल्याशिवाय बाकीच्या योजनांचं मोल कमी आहे.

तांड्यावरची एक मुलगी आमच्या हरित सेनेची गटप्रमुख होती. रोपवाटिकेची वही तिच्याकडे. कोणत्या तारखेला बी लावलं, कधी उगवलं, किती मेली, अक्षर मोत्यासारखं. नववीत असताना ती फडावर गेली. एप्रिलमध्ये तिचा गट आला, ती आली नाही. मैत्रिणींनी सांगितलं, सोयरीक जमली आहे. मुख्याध्यापक, तिथल्या अंगणवाडीताई आणि मी तिच्या घरी गेलो. तिचे वडील भला माणूस. त्यांना कायदा ठाऊक होता. पोरीला कुणाच्या भरवशावर ठेवू, एवढंच ते विचारत होते. माजलगावात खोली करून राहणाऱ्या दोन मुली आणि त्यांची आजी यांच्यात तिची सोय झाली, तेव्हा ते तयार झाले. ती दहावीला बसली, पास झाली, पुढे शिकते आहे. त्याच वर्षी दुसऱ्या एका मुलीच्या घरी आम्ही पोचलो तेव्हा लग्न होऊन गेलं होतं. तिच्या गटाने लावलेली चिंच आज दुमजली उंच आहे.

पाण्याचं थोडक्यात सांगते. शहराला सिंदफणेवरच्या माजलगाव धरणाचं पाणी मिळतं. बीड शहरही तेच पितं. धरण 1987 साली पूर्ण झालं. पैठणच्या नाथसागरातून निघालेला 132 किलोमीटरचा उजवा कालवा त्यात येऊन मिळतो. उपयुक्त साठा 312 दशलक्ष घनमीटर, मृत साठा 142. नववी-दहावीला जलसुरक्षा हा विषय आला तेव्हा मी पुस्तक उघडण्याआधी मुलांना धरणाच्या भिंतीवर नेलं. 2016 साली मराठवाड्यातल्या इतर धरणांसारखाच इथला उपयुक्त साठाही संपला होता, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, आणि आम्ही शाळेत प्रत्येक मुलाला घरून बाटली आणायला सांगत होतो. मोठ्या धरणाच्या कुशीतली शाळा, आणि तिचा बोअर मार्चमध्ये आटायचा. मग गणिताच्या तासाला छत मोजलं. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. वीस मीटर लांब, दहा मीटर रुंद छतावर वर्षाचा साडेसहाशे मिलिमीटर पाऊस धरला तर एक लाख तीस हजार लिटर. तो आकडा फळ्यावर आला तेव्हा वर्ग गप्प झाला. पालकांच्या वर्गणीतून पन्हाळी बसवली, बोअरभोवती दगड, खडी, वाळूचा शोषखड्डा केला. बोअर आता बहुतेक वर्षी एप्रिल गाठतो. पोषण आहाराच्या ताटल्या धुतलेलं पाणी कर्दळीच्या वाफ्यातून परसबागेत जातं. उन्हाळा लागताना घरोघरी नवा माठ येतो, जुना पाझरका माठ मुलं शाळेत आणतात. झाडाच्या बाजूला गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवला की तीन-चार दिवस ओल राहते. मे महिन्यात आठवड्याला दोन फेऱ्या पुरतात त्या या माठांमुळे.

मैदानावरून एकदा भांडण झालं होतं. कबड्डी आणि खो-खो खेळणाऱ्या मुलांचं म्हणणं, सगळीकडे झाडं लावली तर आम्ही खेळायचं कुठे? ते बरोबर होतं. पट वाढलेल्या शाळेत मोकळी जागाही झाडाइतकीच दुर्मीळ असते. मुलांनीच रेषा आखली: झाडं कुंपणाच्या कडेने आणि वर्गांच्या पश्चिमेला, मधलं मैदान खेळाचं. पश्चिमेला का, ते दुपारच्या उन्हात पश्चिमेच्या खिडकीशी बसणाऱ्याला विचारावं.

सहलीला आम्ही लांब जात नाही. बीडजवळ पालवणच्या उघड्या टेकडीवर अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली सह्याद्री देवराई आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये तिथे वृक्षसंमेलन झालं, त्याचं अध्यक्षपद वडाच्या झाडाला दिलं होतं. मुलांना ते फार आवडलं. मला आवडलं ते असं की मुरमाड टेकडीवर झाड जगतं हे त्यांनी हात लावून पाहिलं. येताना खजाना बावडी. निजामशाहीच्या काळातली ही विहीर, तिचं पाणी जमिनीखालच्या वाटांनी मळ्यांकडे नेलेलं, मोट नाही, पंप नाही. चारशे वर्षांपूर्वी इथल्याच माणसांनी हे केलं, हे कळल्यावर मुलं फार प्रश्न विचारतात. परतीच्या गाडीत त्या दिवशी गाणी कमी आणि बोलणं जास्त होतं.

2025 च्या सप्टेंबरात उलटं झालं. गोदावरी आणि सिंदफणा दोन्हींना मोठा पूर आला, काठच्या गावांत पाणी शिरलं, शाळा बंद राहिल्या. कपाशी-सोयाबीन पाण्यात गेलं आणि कितीतरी मुलांची पुस्तकं भिजली. शाळा उघडली तेव्हा पहिले दिवस आम्ही शिकवलं नाही. पुस्तकं दोरीवर वाळत घातली, पूर न आलेल्या गावांतल्या मुलांनी आपल्या वह्या वाटून दिल्या. आवारात खोल लावलेली जुनी रोपं बरीच गेली. उंचवट्यावर लावलेली टिकली. 2023 च्या कोरड्याठाक ऑगस्टमध्येही हीच तगली होती, पाचटामुळे. दुष्काळ आणि पूर, दोन्हींत जगणारी लागवड कशी असते, हे माझ्या विद्यार्थ्यांनी आता स्वतः करून पाहिलं आहे आणि ते कुणालाही सांगू शकतात. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, 17 सप्टेंबरला, ध्वजवंदनानंतर जुनी मुलं शाळेत येतात. कुणी बँकेत आहे, कुणी पोलिसात, कुणी अजूनही टोळीबरोबर जातो. सगळे आपापल्या गटाचं झाड पाहून जातात.

आम्ही दर वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात झाडं मोजतो. जुलैचा आकडा आम्ही दप्तरात ठेवतो, पण फळ्यावर लिहितो तो मेचा. पूर्वी निम्मी झाडंही उरत नसत. आता लावतो कमी, आणि त्यातली बहुतेक राहतात. त्याच वहीच्या दुसऱ्या पानावर त्या आठवड्यात आवारात येऊन गेलेल्या मुलामुलींची नावं असतात. जूनमध्ये त्यांपैकी कोण आलं नाही ते पाहून आम्ही त्या घरी जातो.

शिक्षण खात्याला, वन खात्याला आणि पालिकेला माझी विनंती एवढीच आहे. जुलैमध्ये शाळांकडून फोटो जरूर मागवा, पण मे महिन्यात मोजणीही मागवा, आणि पुढच्या वर्षीची रोपं त्या मोजणीवर द्या. मे महिन्यात शाळेला पाण्याचा एक टँकर आणि शिपायाला सुट्टीतल्या कामाचा भत्ता द्या. आणि माजलगावसारख्या प्रत्येक तालुक्याच्या गावी नववी-दहावीच्या मुलींसाठी दिवाळीच्या आधी सुरू होणारं वसतिगृह द्या. दिवाळीनंतर सुरू झालेलं वसतिगृह त्यांच्या उपयोगाचं नाही. तोवर त्या फडावर गेलेल्या असतात.